सुटं लोह

आई,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते. माझ्या कामात असंच लिहायची सवय लागली आहे, आणि दुसरी सुरुवात मला सुचत नाही.

१. धाकटी सात महिन्यांची असताना तिला थॅलेसेमिया मेजर असल्याचं निघालं. तिचं शरीर स्वतःचं रक्त नीट बनवू शकत नव्हतं.

२. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी नांदेडला नेऊन तिला रक्ताची एक पिशवी चढवायची.

३. ती सहा वर्षांची झाल्यापासून, अंगात साठणारं जादा लोह बाहेर काढणारं औषध ती रोज सकाळी उपाशीपोटी घेत होती.

४. ती चौदा वर्षांची असताना, एप्रिल ते जुलै, तू तिला लोहाच्या लाल गोळ्या दिल्यास. दिवसाआड एक.

५. ऑगस्टमध्ये ती गेली. हृदय बंद पडलं.

६. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी तुला चुलीपाशी सांगितलं, की ती तुझ्या गोळ्यांनी गेली.

७. त्यानंतर दोन वर्षांनी तू गेलीस.

यातला तिसरा मुद्दा खोटा आहे. तो मीच लिहिला आहे आणि पुढे मीच दुरुस्त करणार आहे.

आठवडाभरासाठी मी गावी आले आहे. अप्पांचे गुडघे दुखतात, बाकी ते ठीक आहेत. स्वयंपाकघरात आता फरशी आहे, चूल परसात गेली. तुझी लोखंडी कढई अजून माळ्यावर पालथी आहे. धाकटीला लोह कमी मिळेल असं बघा, एवढं डॉक्टर म्हणाले होते आणि त्याच दिवशी घरी येऊन तू कढई आणि तवा माळ्यावर टाकलास, भाजी जर्मनच्या पातेल्यात शिजायला लागली. गूळ बंद, पालक बंद. लोक तुला भोळी म्हणतात. अप्पाही म्हणतात. परवा जेवताना म्हणाले, "तुझ्या मायला कळत न्हवतं गं. जीव लावायची, पर कळत न्हवतं." मी भाकरी मोडत राहिले. तुला कळत होतं, हे मला माहीत आहे आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

काल गटप्रवर्तक बाई आल्या होत्या. तालुक्यातल्या तुम्हा आशा सेविकांवर देखरेख करायच्या त्याच. केस सगळे पांढरे झालेत, पर्स तीच आहे. सेनगावला आशांचं प्रशिक्षण आहे म्हणाल्या. "तू त्या लोखंडावरच शिकलीस म्हणं. मग ये की, दोन शब्द सांग बायांला. गोळी कुणाला द्यायची ते समद्यांला पाठ हाय. कुणाला द्यायची न्हाई, ते सांग. छापील कागद वाचून कुणाच्या डोस्क्यात शिरत न्हाई." मी बरं म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. अप्पा ओसरीवर होते. "तुझ्या मायचंच सांग. मला समदं ठावं हाय. राग मानू नको, पर घरचं उदाहरण असलं की बाया इसरत न्हाईत." मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं. "तिनंच. गोळ्यांच्या डब्यावर हात ठिवून सांगितलं, की बाई, माझ्या हातानं झालं. मी म्हणलं, कशाला सांगती, कोण इचारून राहिलं तुला? तर म्हणली, सांगाया पाहिजे. ती काय लपवणारी व्हती?"

न्हवती. म्हणून मी आज लिहायला बसले.

तू गोळ्या कशा वाटायचीस ते मला अजून दिसतं. शनिवारी शाळा सकाळची असायची, दुपारी मी तुझ्या मागे मागे. पिशवीत रजिस्टर, वजनकाटा, डबा. बाकीच्या आशा पाकीट हातात देऊन पुढच्या घरी जायच्या. तू दारात उभी राहतेस. पाणी आणायला लावतेस. "घे. आता माझ्यासमोर. आ कर. जीभ वर. गालात दाखव." वरच्या आळीतली ती जाडी मामी, पाचव्या महिन्यात, तोंड उघडं ठेवूनच म्हणते, "अगं बाई, नवरा बी इतकं निरखून बघत न्हाई मला." आणि तू न हसता म्हणतेस, "नवऱ्याला काय जातंय? बाळंत तुला व्हायचंय." तिच्या शेजारणीने एकदा गोळी जिभेखाली धरली आणि तू वळल्यावर अंगणात थुंकली. तू चार पावलं गेलीस, परत आलीस, गोळी उचललीस, तिच्या तळहातावर दुसरी ठेवलीस. "कोंबड्याईचं रक्त वाढवून मला काय करायचंय गं?" सगळी आळी हसली. ती बाईसुद्धा. तुझ्या गावात बाळंतपणात रक्त कमी पडून कुणी गेली नाही. मी हे कौतुक म्हणून लिहीत नाही. रजिस्टर मी पाहिलं आहे.

आता मी पुण्यात काय काम करते ते सांगते. तू कधी नीट विचारलं नाहीस, किंवा मी सांगू दिलं नाही. मी यकृताच्या पेशी काचेसारख्या प्लास्टिकच्या बशीत वाढवते आणि त्या लोहाचं काय करतात ते मोजते. लोह नसेल तर पेशी श्वासही घेऊ शकत नाही आणि लोह मोकळं फिरलं तर तीच पेशी आतून जळते. म्हणून शरीर लोहाला क्षणभरही एकटं सोडत नाही. रक्तात त्याला वाहून नेणारं एक प्रथिन असतं. त्याला दोन हात आहेत असं समज, प्रत्येक हातात लोहाचा एकच कण. पेशीच्या दारावर त्या हमालाला ओळखणारा पहारेकरी असतो. तो हमालाला मालासकट आत ओढतो, एका इवल्याशा पिशवीत बंद करतो. पिशवीत आंबटपणा वाढतो, तेव्हा कुठे हात सैल पडतात. कण आत घेतला जातो आणि रिकामा हमाल जसाच्या तसा परत रक्तात पाठवला जातो. आत आलेल्या लोहातलं लागेल तेवढं कामाला जातं. उरलेलं एका पोकळ गोळ्यात कोंडतात. चोवीस तुकड्यांचा गोळा, त्यात चार हजारांहून जास्त कण मावतात. पेशीतून बाहेर पडायला एकच दार आहे आणि ते दार उघडं ठेवायचं की बंद, ते यकृत ठरवतं. घेतलेलं आत गेलं का, हातातलं सुटलं का, उरलेलं कुठे ठेवलं, पावलोपावली तपासणी. पहिल्यांदा हे शिकले तेव्हा वर्गात मला तुझा आवाज ऐकू आला. गालात दाखव.

एवढ्या सगळ्या व्यवस्थेत एकच गोष्ट नाही. जादा झालेलं लोह अंगाबाहेर टाकायची वाट नाही. जेवणातून रोज एखाद-दोन मिलिग्रॅम आत येतं, तेवढंच कातडी झडून, आतडं झिजून जातं. जास्त येऊच नये म्हणून राखण आहे. आलंच तर करायचं काय, याचा विचार शरीराने केलेला नाही. रक्ताच्या एका पिशवीत दोनशेहून जास्त मिलिग्रॅम लोह असतं. ते सुईतून येतं, आतड्याच्या राखणीला वळसा घालून. धाकटीला दर तीन आठवड्यांनी एक पिशवी. आधी पोकळ गोळे भरले. मग हमालांचे दोन्ही हात भरले. मग लोह सुटं फिरायला लागलं, आणि सुट्या लोहाला हृदय नको म्हणू शकत नाही. हृदयाच्या पेशी कॅल्शियमसाठी ठेवलेल्या दारांतून ते आत घेतात. तिचा रंग काळपट होत चालला तेव्हा बाया म्हणायच्या, पोरगी उन्हात फिरती का काय. ती शाळेतून आली की झोपायची. उन्हात कुठे फिरणार.

आमच्याकडे एक हिरवा चमकणारा रंग असतो. तो पेशीत सोडतात आणि सूक्ष्मदर्शकातून बघतात. सुटं लोह त्याला भेटलं की चमक विझते. मी दिवसभर हिरवे ठिपके मंद होताना बघते आणि किती मंद झाले ते लिहून ठेवते. त्यात मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

आता तिसरा मुद्दा.

सकाळच्या औषधाचं काम माझ्याकडे होतं. मी पंधरा वर्षांची झाल्यावर तू ते माझ्यावर सोपवलंस, कारण सातला तुला सर्व्हेला निघायचं असायचं. "दे की गं माय तिला. तुझ्या हातचं घेती ती. मी चालले." काचेचा ग्लास, निम्मं पाणी, त्यात मोठ्या पांढऱ्या गोळ्या. ढवळत राहायचं. विरघळत नाहीत त्या, खडूच्या निवळीसारखं होतं. प्यायल्यावर तळाला गाळ राहतो, त्यात परत पाणी घालून तोही प्यायचा. मग अर्धा तास काही खायचं नाही. तिचं पोट दुखायचं. कधी उलटी व्हायची. ती पाय जवळ घेऊन भिंतीशी बसते आणि म्हणते, "ताई, आज नको ना. आज पेपर हाय." पहिल्यांदा खरंच पेपर होता. मी ग्लास न्हाणीत ओतला, विसळला, पालथा ठेवला. आठ दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. नंतर तिला विचारावं लागत नव्हतं. ती फक्त माझ्याकडे बघायची. आठवड्यातून तीन दिवस, कधी चार. ती चौदाची होईपर्यंत, म्हणजे तीन वर्षं. तू पूर्ण गावाची जीभ तपासलीस, आई. माझा ग्लास कधी हुंगूनही पाहिला नाहीस.

नांदेडला रक्ताचा रिपोर्ट दर वेळी वर जायचा. डॉक्टर विचारायचे, औषध वेळेवर चाललंय ना? मी तिथे बाकावर बसलेली आहे, माझ्या मांडीवर धाकटीचा डबा आहे, आणि तू म्हणतेस, "व्हय साहेब, माझी मोठी पोरगी देती. एक दिवस चुकत न्हाई." डॉक्टर माझ्याकडे बघून मान डोलावतात. डोस वाढवतात. वाढलेला डोसही न्हाणीत गेला. मी तेव्हा अकरावी सायन्सला होते. मला आकडे वाचता येत होते.

त्या शेवटच्या उन्हाळ्यात रक्त वेळेवर मिळेना. पिशवीसाठी चार चार दिवस थांबावं लागायचं. धाकटीचे ओठ कागदासारखे. तेव्हा तू गोळ्यांचा डबा उघडलास. हे मला तिच्या दप्तरात सापडलं, ती गेल्यावर. गोळ्यांची रिकामी लाल पाकिटं, नीट घडी करून ठेवलेली, कारण तू तिला सांगितलं असणार की कचऱ्यात टाकू नको, ताई बघंल.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले होते. तू चुलीपुढे बसून उगाच राख सारत होतीस. मी पाकिटं तुझ्यापुढे टाकली. आवाज चढवला नाही, मला चढवता येत नाही. मी म्हणाले, "लोहाने ती भरली होती. तू वरून लोह घातलंस. ती तुझ्या गोळ्यांनी गेली." अप्पा दारात होते. तू पाकिटांकडे बघितलंस. मग जे म्हणालीस ते मी दहा वर्षं शब्दाशब्दाने पाठ ठेवलं आहे. "तुमी रोज सकाळी औषधानं तिचं लोखंड काढून राहिले व्हते ना बाई. रोजच्या रोज. मी म्हणलं, एवढं काढल्यावर लेकराचं रक्त कशाचं व्हावं? थोडं तर घालावं लागंल. म्हणून दिलं."

ही चूक अडाण्याची नाही. तक्त्यावर दहा वर्षं बोट ठेवून बायांना जे शिकवलंस, त्यावरूनच तू हिशेब मांडलास. रक्त लोहापासून होतं, औषध लोह काढतं, रक्त कमी दिसतंय, म्हणजे जास्त निघालंय. हिशेबातला प्रत्येक टप्पा बरोबर जोडलेला आहे. फक्त पहिला आकडा मी दिलेला होता. जे औषध तिच्या पोटात जात नव्हतं, त्याची तू भरपाई करत होतीस.

तेव्हा बोलायला हवं होतं. तू वाक्य संपवलंस, मग चुलीत काहीतरी फुटलं, मग अप्पा पाठ फिरवून ओसरीवर गेले. मला साधारण एवढा वेळ मिळाला होता. मी न्हाणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता बोलून काय उपयोग."

त्यानंतर तू गोळ्या वाटायचं थांबवलं नाहीस. पाकीट हातात देऊन निघून यायला लागलीस, बाकीच्या आशांसारखी. जाडी मामी मला म्हणाली, "तुझी माय आता जीभ बघत न्हाई गं. रुसली का आमच्यावर?" अप्पा तुझ्या हातचा चहा घ्यायचे, पण कप खाली ठेवला की लगेच उठायचे. मी शिकायला निघाले त्या सकाळी तू बॅगेत वर एक कापडात गुंडाळलेली वस्तू ठेवलीस. एस. टी. सुटल्यावर मी उघडून पाहिली. तो ग्लास होता. निघताना तू म्हणाली होतीस, "तुझ्या हाताखालचा हाय, तूच ने. मी चुकले. तू न्हाई चुकलीस बाई, तू तिला सांभाळलंस." मी खिडकीतून हात केला. तू मान वळवली होतीस. पुढच्या वर्षी सर्व्हे करताना तू कुणाच्या तरी ओट्यावर बसलीस आणि परत उठली नाहीस. मेंदूतली नस फुटली, म्हणाले. मी पोहोचले तेव्हा सगळं झालं होतं.

मी आकडेमोड केली आहे. एकदा नाही, पुष्कळदा. एप्रिल ते जुलै दिवसाआड, म्हणजे साठेक गोळ्या. एका गोळीत साठ मिलिग्रॅम, त्यातलं दहावा भाग अंगी लागतं असं धरलं तर साडेतीनशेच्या आसपास. तिचं आतडं जास्त ओढत असेल म्हणून दुप्पट धरलं, तर सातशे. तीन-साडेतीन पिशव्यांएवढं. माझ्या बाजूला तीन वर्षं, आठवड्यातून तीन दिवस. त्या औषधाने तिच्या तीस किलोच्या अंगातून दिवसाला दहा मिलिग्रॅम काढलं असतं असं धरते. साडेचार हजारांच्या वर होतं. अंदाज आहे, पण चुकला तरी बाजू बदलत नाही. तुझ्या गोळ्यांशिवायही ती बहुतेक गेली असती, कदाचित दिवाळीपर्यंत राहिली असती. माझे ग्लास तिने रोज प्यायले असते तर काय झालं असतं, ते मला मोजता येत नाही. पण तशी मुलं मोठी होतात, आई. लग्नंही होतात त्यांची. मी भेटले आहे.

एकवीस तारखेला सकाळी अकराला मला त्या बायांसमोर उभं राहायचं आहे. तुझ्याबरोबर काम केलेल्या निम्म्या तरी असतील. अप्पाही येणार म्हणतात, इस्त्रीचा सदरा काढून ठेवला आहे. तुझं सांगितलं तर बायांना धडा मिळेल: थॅलेसेमियाच्या लेकराला लोह देऊ नका. तो धडा खरा आहे आणि त्यांच्या कामाचा आहे. तू तिथे कायमची तशी राहशील, लेकीला गोळ्या घालणारी. ग्लासाचं सांगितलं तर धडा दुसरा आहे: औषध कोण देतं ते विचारू नका, समोर उभं राहून बघा. तोही खरा आहे. तुझाच आहे तो. पण तो सांगितल्यावर अप्पांच्या शेजारी बसून मला जीपने गावी परत यायचं आहे.

काहीतरी कारण काढून पुण्याला निघून जावं, हाही विचार माझ्या मनात आला. ग्लास तिथे कपाटात आहे. त्यातून मी कधी पाणी प्यायले नाही.

तुझं काही आलं नाही, तर मी ग्लासाचं सांगणार आहे. तू नको म्हणावंस असं मला वाटतंय, तेही लिहून ठेवते.

वीस तारखेपर्यंत कळव.